घरी कल्पना देऊन ठेव

"यायला उशीर होणार असेल तर घरी कल्पना देऊन ठेव." या वाक्यातली कल्पना कवीच्या काही कामाची नाही; ती साधी पूर्वसूचना आहे. मराठीत कल्पना सुचते, तशी ती दिलीही जाते. शिवाय "मला काही कल्पना नाही बुवा" असं म्हणून अंग झटकायची सोय आहेच.

या शब्दाचा धातू 'क्लृप्'. अर्थ : जुळणं, योग्य ठरणं, घडवणं. संध्या करणाऱ्यांच्या तोंडी असलेली ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली ओळ पाहा : 'सूर्याचन्द्रमसौ धाता यथापूर्वमकल्पयत्'. विधात्याने सूर्य-चंद्र 'अकल्पयत्', म्हणजे नुसते मनात आणले नाहीत, घडवले. आणि तेही 'यथापूर्वम्', आधी होते तसेच! जुना सदरा शिंप्यापुढे टाकून "याच मापाचा शिवा" म्हणावं, तसा प्रकार.

पुढे तर शब्द थेट कष्टकऱ्यांत वावरतो. अमरकोशात हत्तीला स्वारीसाठी सज्ज करणं म्हणजे कल्पना. संस्कृतात 'कल्पनी' म्हणजे कात्री आणि 'कल्पक' म्हणजे न्हावी. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या कल्पकासाठी नियमच घातलाय : आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून यावं आणि हत्यारं अंतःपुराच्या अधिकाऱ्याकडून मोहोरबंद घ्यावीत. राजाच्या गळ्याशी वस्तरा येणार, तेव्हा एवढी काळजी हवीच. आज एखाद्या जाहिरातवाल्याला आपण 'फार कल्पक' म्हणतो, तेव्हा त्याला हे सांगायची मला फार इच्छा होते.

बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने तर कल्पनेला प्रत्यक्ष ज्ञानातून बाहेरच काढलं. समोर काही दिसलं, तिथवर प्रत्यक्ष. त्याला 'गाय' हे नाव आणि जात चिकटवली, की कल्पना सुरू. म्हणजे इथेही जोडकामच, फक्त मनातलं.

इंग्रजी 'इमॅजिनेशन'च्या मुळाशी लॅटिन 'इमागो' आहे, म्हणजे प्रतिमा, चित्र. कल्पना म्हटलं की हल्ली आपल्याही मनात डोळे मिटून पाहिलेलं चित्रच येतं. शाळेत 'मी पक्षी झालो तर' लिहून लिहून तसं झालं असावं.

पण त्याच धातूची 'क्लृप्ती' मात्र मराठीत अजून हातानेच काम करते. कुकरची सैल झालेली रिंग थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्या बाईला आपण प्रतिभावंत म्हणत नाही. "काय क्लृप्ती काढलीस गं!" म्हणतो, आणि भात लावतो.