बिनदुधाचा गवती चहा

साताऱ्यात पावसाची झड लागली की आमच्या परड्यातला गवती चहा बघता बघता कमरेला लागतो. पाती भारी धारेची, हाताने ओढली की बोट कापलंच. म्हणून मी कात्री घेऊनच जाते.

दोन कप पाण्याला चार-पाच पाती पुरतात. धुऊन त्यांची गाठ मारायची, म्हणजे गाळताना कटकट नाही. पेरभर आलं ठेचून पाण्यात टाकायचं, पाणी खळखळलं की पाती आणि थोडी तुळशीची पानं घालून गॅस बंद. वर लगेच झाकण! गवती चहाचा तो लिंबासारखा वास पातीतल्या सिट्राल नावाच्या सुगंधी घटकामुळे येतो आणि वाफेबरोबर उडून जातो. आमच्या सासूबाई मात्र उघड्या पातेल्यात उकळत ठेवतात. घरभर घमघमाट, कपात काहीच नाही. (पण त्यांना सांगणार कोण?)

सात-आठ मिनिटांनी गाळून किसलेला गूळ घालायचा. उन्हाळ्यात हाच फ्रिजमध्ये गार करून, लिंबू पिळून, चिमूटभर सैंधव टाकून पिते. उसाच्या रसाची आठवणसुद्धा येत नाही.

चहापत्ती मी यात घालत नाही. आमच्या ह्यांना दूध-साखरेशिवाय चालत नाही, त्यांनी खुशाल मोती चौकात जाऊन प्यावा.