मी निघाले की घरात कुणीच नसतं

परवा रात्री परत आले, बॅग अजून हॉलमध्ये तशीच उघडी पडलीय, कपडे मशीनमध्ये फिरतायत, म्हटलं तोवर हे एकदाचं लिहून टाकू, बरेच दिवस मनात होतं. एकटीने प्रवास करण्याबद्दल लोक पुष्कळ लिहितात, कुठे जावं, काय न्यावं, काळजी कशी घ्यावी, पण आपण मागे जे घर बंद करून जातो त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलताना दिसत नाही. मला तर वाटतं माझा प्रवास कसा होणार हे निम्मं कुलूप लावायच्या आधीच ठरलेलं असतं.

मी एकटी राहते आणि प्रवासही एकटीच करते. घरात चार माणसं असली आणि त्यातलं एक बाहेरगावी गेलं तर घर आपलं चालूच राहतं, कुणीतरी नळ सोडतं, खिडक्या उघडतं, फ्लश करतं, फ्रीज उघडून काय खराब होतंय ते बघतं. ही रोजची साधी कामं वाटतात पण घराची अर्धी देखभाल त्यातच होत असते, हे मला घर रिकामं ठेवल्यावर कळलं. मी निघाले की यातलं काहीच होत नाही, आणि फोन करून 'जरा किचनमध्ये डोकावून बघ गं' असं सांगायलाही आत कुणी नसतं.

पहिल्यांदा आठ दिवसांसाठी एकटी निघाले तेव्हाची गोष्ट. ट्रेन सुटून तीन तास झाले असतील, खिडकीशी बसले होते, छान वारा येत होता आणि अचानक पोटात गोळा आला, गॅसचा रेग्युलेटर बंद केला का? आठवेचना. सकाळी चहा केला होता एवढं नक्की आठवत होतं, भांडं घासलेलं आठवत होतं, त्यानंतरचं सगळं कोरं. शेवटी शेजारच्या ताईंना फोन केला, त्यांच्याकडे किल्ली नव्हती (ती देऊन जावी हे तेव्हा सुचलंच नव्हतं), तरी त्या बिचाऱ्या बाहेर आल्या, माझ्या दाराशी चक्क खाली बसल्या, फटीला नाक लावून म्हणाल्या, "नाही गं, वास तर येत नाहीये, तू जा निवांत." नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्यांनी अगदी बरोबर जागी नाक लावलं होतं. सिलेंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टनसारखं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. पण त्या दिवशी त्यांच्या बोलण्यानेही माझं समाधान झालं नाही. पहिले दोन दिवस मी काय बघितलं ते मला आजही धड सांगता येणार नाही. परत येऊन बघितलं तर रेग्युलेटर व्यवस्थित बंद.

हे बऱ्याच जणांचं होतं आणि त्यात विसरभोळेपणाचा फार संबंध नसतो. जे काम हात रोज करतो त्याच्याकडे आपलं लक्षच नसतं, आणि लक्ष नसलं की त्याची आठवणही नीट तयार होत नाही, कालची आणि आजची सकाळ एकमेकींत मिसळून जातात. जपानमधले रेल्वेचे ड्रायव्हर सिग्नल दिसला की बोट दाखवून तो मोठ्याने म्हणतात, त्याला शिसा कांको म्हणतात, डोळे, हात, तोंड आणि कान सगळे एकाच गोष्टीवर आणायचे म्हणजे चूक कमी होते. मी तेच घरात करते. रेग्युलेटरकडे बोट दाखवून म्हणते "गॅस बंद, आज सोमवार", गिझरकडे बघून "गिझर बंद, आज सोमवार". वार म्हणायचाच, कारण वारामुळे आजची आठवण कालच्यापासून वेगळी होते. मी फोटोही काढून बघितले, पण फोटो बघायची सवय लागली की दर तासाला फोन उघडला जातो आणि काळजी होती तिथेच राहते, त्यामुळे मला तरी बोलण्याचाच उपयोग जास्त झाला.

दुसरा धडा वासाचा. एकदा पाच आठवडे बाहेर होते, परत येऊन दार उघडलं तर घरात गटारीचा वास आणि बाथरूममध्ये झुरळं. मला वाटलं पाईप फुटला. प्लंबर आला, त्याने काहीच दुरुस्त केलं नाही, फक्त जाळीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि म्हणाला झालं. बेसिनच्या खालचा पाईप वाकडा का असतो याचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता. त्या वाकड्या भागात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि तेच पाणी गटारीचा वास आणि किडे वर येऊ देत नाही, बाथरूमच्या जाळीखाली आणि संडासच्या भांड्यातही तीच व्यवस्था. रोज वापर असला की ते पाणी आपोआप भरलेलं राहतं, काही आठवडे वापर नसला की हळूहळू वाळतं आणि रस्ता मोकळा होतो. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीने 1775 मध्ये संडासाच्या अशा वळणदार पाईपचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे अडीचशे वर्षं झाली, आणि आपण ज्या घरात राहतो त्यातली एवढी महत्त्वाची गोष्ट मला पस्तिशीत कळली. आता लांब जायचं असलं की शेवटच्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन चमचे खायचं तेल. तेल पाण्यावर तरंगतं त्यामुळे खालचं पाणी सावकाश उडतं. शिवाय जाळीवर एखादं झाकण किंवा पालथी वाटी.

पाण्याच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त कडक आहे. घरात येणाऱ्या पाण्याचा मेन कॉक बंद केल्याशिवाय मी आता एका रात्रीसाठीसुद्धा बाहेर पडत नाही. वॉशिंग मशीनला जोडलेला जो पाईप असतो त्यावर नळ उघडा असेल तर चोवीस तास दाब असतो, रबर जुनं होतं, कडक होतं, कधीतरी चिरतं, आणि आपण घरी असलो तर दहा मिनिटांत कळेल पण नसलो तर पाणी खालच्या घराच्या छतातून गळेपर्यंत कुणालाच कळणार नाही. तसंच फ्लशच्या टाकीतला बॉलकॉक. फक्त एक करायचं, मेन कॉक महिन्यातून एकदा तरी उघड-बंद करून बघायचा, वर्षानुवर्षं हात लावला नाही तर तो जाम होतो आणि नेमका निघायच्या सकाळी फिरत नाही. जोर लावला तर तुटतो. माझा जाम झाला होता, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तो बदलून घेतला, त्या नादात रात्री बाराला बॅग भरली, पण ते केलं याचं मला बरं वाटतं. नळाचा वॉशर बदलायला मी तेव्हाच शिकले, प्लंबरसमोर बसून एकेक गोष्ट विचारत. त्यानेही हौसेने दाखवलं.

फ्रीज बंद करावा की नाही यावर माझं मत असं, आठ-दहा दिवस असतील तर चालू ठेवावा, नासणारं सगळं काढून टाकावं. महिनाभर असेल तर पूर्ण रिकामा करून, बंद करून, पुसून, दार उघडं ठेवून जावं, दारात टॉवेलची घडी अडकवून, म्हणजे चुकून लागत नाही. मी एकदा बंद केला आणि दार लावून गेले, आल्यावर आत सगळीकडे काळी बुरशी आणि दाराच्या रबरातली तर कितीतरी दिवस निघाली नाही. ओल, अंधार आणि कोंडलेली हवा, बुरशीला आणखी काय पाहिजे. चालू ठेवला तर आणखी एक प्रश्न उरतो, मधे लाईट गेली होती का? बर्फ वितळून परत गोठला असेल तर बघून काहीच कळत नाही. त्यासाठी फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवायचं आणि वर एक नाणं ठेवून जायचं. आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात खाली गेलेलं असेल तर मधे बर्फ वितळला होता, मग फ्रीजरमधलं सगळं टाकून द्यायचं, वास येत नसला तरी. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24, आणि खालचा फ्रीज मात्र चारेक तासच.

विजेचं थोडक्यात, फ्रीजचा सोडून सगळे प्लग बोर्डातून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज पडली तर तिचा धक्का बटणाच्या फटीतूनही जातो. रिमोट आणि घड्याळातले सेल काढून ठेवायचे, ते पाझरले की आतले पत्रे खातात. कपाटांची दारं किलकिली ठेवायची.

कुंड्यांवर मात्र माझा जीव आहे. बादलीत पाणी, बादली थोडी उंचावर, त्यातून जाड सुती दोरी कुंडीच्या मातीत दोन इंच खोल, दिव्याची वात जसं तेल ओढते तसं दोरी पाणी ओढते. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. कुंड्या उन्हातून काढून उजेड असेल पण ऊन नसेल अशा जागी एकमेकींना चिकटून ठेवायच्या, पानांतून पाणी कमी उडतं. आणि हे निघायच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, आधी दोन दिवस करून बघा, कारण प्रत्येक दोरीचा वेग वेगळा, माझी एक तुळशी जास्त पाण्याने गेली आणि मी तिकडे निवांत होते की सगळं नीट चाललंय म्हणून. तिची कुंडी अजून रिकामी आहे, त्यात दुसरं काही लावावंसं वाटलेलं नाही.

किल्ली आता ताईंकडे असते. सोबत एक कागद, त्यावर मेन कॉक कुठे, मेन स्विच कुठे, प्लंबरचा नंबर आणि मी कधी येणार. त्यांना सांगून ठेवलंय की काही झालं तर मला विचारत बसू नका, आधी पाणी बंद करा आणि मग फोन करा.

हे सगळं झालं की बॅग. एकटीच्या प्रवासात बॅगेचा माझा एकच नियम आहे, जी मला स्वतःला डोक्याच्या वर उचलून ठेवता येत नाही ती बॅग न्यायची नाही. कुणी मदत करेल हे गृहीत धरलं की आपण दुसऱ्यावर अवलंबून झालोच, आणि संडासला जाताना 'जरा लक्ष ठेव' म्हणायला कुणी नसतं तेव्हा ती बॅग आपल्यासोबत आत मावली पाहिजे. औषधं, कागद आणि दोन महत्त्वाचे नंबर कागदावर लिहिलेले, हे अंगावरच्या छोट्या पिशवीत. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते, साधारण 100 वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, म्हणजे नेहमीची 20,000 एमएएचची चालते, ती 74 च्या आसपास येते. नवीन गावात शक्यतो उजेड असताना पोचायचं. खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा बाहेर येऊन जिन्यापर्यंत दारं मोजते, किती आणि कोणत्या हाताला, धूर झाला तर डोळ्यांनी दिसत नाही, हाताने मोजावं लागतं. मग आत येऊन दाराखाली रबराची पाचर. आणि घरी म्हणायचे तसंच इथेही बोट दाखवून म्हणते, "कडी लावली, आज मंगळवार". हॉटेलच्या अनोळखी खोलीत आपलाच आवाज ऐकला की मला फार धीर येतो, आणि मग झोपही लागते.

एका मैत्रिणीला रोज ठरलेल्या वेळी फक्त एक टिंब पाठवते. टिंब नाही आलं तर ती फोन करते, फोन नाही उचलला तर पुढे काय करायचं हे आमचं ठरलेलं आहे. बाकी दिवसभर मी फोन बघत नाही. फोटो घरी आल्यावर टाकते, घर रिकामं आहे हे सगळ्यांना कळवायची काही गरज नाही.

आणि परत येणं. हे मला जाण्याइतकंच आवडतं. दार उघडलं की पहिले दोन-तीन सेकंद आपल्याला आपल्याच घराचा वास येतो, एरवी नाक त्याला सरावलेलं असतं म्हणून कळत नाही, पुस्तकं, लाकूड, साबण आणि आणखी काहीतरी जे मला अजून ओळखता आलेलं नाही. लगेच खिडक्या उघडायची घाई मी करत नाही. तेवढं झालं की मग खिडक्या, मग मेन कॉक हळूच थोडा थोडा उघडायचा, एकदम उघडला की पाईपातली हवा धाडधाड वाजते, मग प्रत्येक नळ दोन-तीन मिनिटं सोडून द्यायचा, बरेच दिवस पाईपात साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात, ते पाणी प्यायचं नाही आणि शॉवरखाली तर लगेच उभं राहायचं नाहीच, कारण ते जंतू पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासात जातात.

परवा हे सगळं करून शेवटी फ्रीजर उघडला. नाणं बर्फावरच होतं, त्याच्याभोवती पांढरं हिव साचलेलं. ताईंना मेसेज केला, पोचले, सगळं ठीक आहे. त्यांचा लगेच रिप्लाय, "तुझ्या कुंड्यांना कळी आलीय, बघितलीस का?" मी बघितली नव्हती. चप्पल न घालताच बाल्कनीत गेले.