घरघर थांबली!

पंधरा दिवस बेस गिटार घरघरत होती. जॅकच्या (केबल खोचायच्या भोकाच्या) धातूला बोट लावलं की बंद, तारांना लावलं तरी चालूच. आज दुपारी ब्रिज (तारांची खालची टोकं बसतात ती पट्टी) उघडला तर खालची, तारांना अर्थ देणारी वायर सुटलेली. पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग) बदलताना माझ्याच हातून निघाली असणार. एक टाका सोल्डर मारला, झालं!

भुसावळच्या या उन्हाळ्यात लाकूडही सुकतं. नेक, म्हणजे गिटारची मान, मागे वाकून तारा फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) लागत होत्या, म्हणून ट्रस रॉड, म्हणजे मानेतली बाक सांभाळणारी सळई, पाव फेरा सैल केला.

संध्याकाळी गच्चीवर प्रॅक्टिस. आम्ही चौघंही पंचेचाळिशीपुढचे. सर्वात जाड, ४१ हर्ट्झची ई तार छेडली आणि ड्रमवाले नाना वाजवता वाजवता थांबले. "भाऊ, परत वाजव ना." तीच एक तार दहा मिनिटं वाजवत होतो. अजून छातीत घुमतेय.