वाजवतं कोण?

बडोदे, भाद्रपद वद्य षष्ठी

नवरात्राआधी बडोद्याला चक्कर होईल का, एवढेच विचारण्यासाठी आज पियानोचे सूर लावणाऱ्या ट्यूनरकाकांना फोन केला. त्यांनी अडचण सांगितली नाही की पैसे सांगितले नाहीत, आधी विचारले, "सध्या वाजवतं कोण?" मी "आम्हीच" असे काहीतरी पुटपुटले आणि विषय हवेवर नेला, पण तो प्रश्न कुसळासारखा रुतून बसला आहे.

हवेबद्दलचे त्यांचे म्हणणे मला पाठ आहे आणि ते खरेही आहे. पावसाळ्यात साउंडबोर्डचे, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या फळीचे, लाकूड ओलावा धरून फुगते, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला वर रेटते, तारांचा ताण वाढतो आणि सूर चढतो. ऑक्टोबरात हवा कोरडी पडू लागली की तोच सूर उतरतो. शिवाय सगळा पियानो सारखा हलत नाही, मधली सप्तके अधिक सरकतात. तेव्हा पाऊस परतण्याच्या तोंडावर सूर लावून घेतला तर तो दिवाळीपर्यंतही टिकायचा नाही. हवा बदलल्यावर लाकडाला काही आठवडे स्थिरावू द्यावे आणि मगच बोलवावे, म्हणजे एकदा कार्तिकात आणि एकदा पाऊस मुरल्यावर, ऑगस्टात. यंदाचा ऑगस्ट कसा गेला ते घरात सर्वांना ठाऊक आहे.

हे सगळे पटते; पण यात वाजवणाऱ्याचा संबंध येतो कुठे? मैफलीचा पियानो दर कार्यक्रमाआधी जुळवतात, ते समजू शकते. घरातल्या पियानोला मात्र बोटांपेक्षा हवाच अधिक बिघडवते. सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि त्यांचा मिळून १५ ते २० टनांचा ताण. कोणी झाकण उघडले नाही म्हणून तो काही सैल होत नाही. मग काकांनी विचारलेच का? पूर्वी ते असे विचारत नसत. पूर्वी विचारावे लागत नसे, हेही आहेच.

संध्याकाळी मधला ए हा स्वर दाबून पाहिला. या पट्टीला तीन तारा आहेत, त्यांतली एक सुरातून सुटली आहे. त्यामुळे स्वर सरळ न जाता वाँव-वाँव करीत लहरत राहतो. पुढे प्रत्येक पट्टी दाबून कुठली किती लहरते हे ऐकत बसले. खरे सांगायचे तर सध्या माझे वाजवणे ते एवढेच. काकांना हे कळले असते तर त्यांनी "मग वर्षातून एकदा पुरे" असे सांगून माझा निम्मा खर्च वाचवला असता, आणि तेही माझ्या मनाला लागले असते.

तंबोरा असता तर खुंट्या पिळून मीच मोकळी झाले असते. याला मुंबईहून माणूस लागतो, आणि इतक्या लांबून येणाऱ्याने चार प्रश्न विचारले तर विचारोत बापडा. कालनिर्णयावर कार्तिकी एकादशीनंतरच्या आठवड्याला खूण केली आहे. नवरात्राचे म्हणाल तर रात्री गरब्याचे स्पीकर सुरू झाले की या घरात पियानोच काय, दाराची घंटाही ऐकू येत नाही.