सोडे सोडले, त्याची गोष्ट

सीकेपी घरात जन्माला येऊन कोळंबीची ॲलर्जी आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण सोडे तरी चालत असतील ना?" प्रत्येकाला तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

जुलैमधला गटारीचा रविवार होता. आम्ही ठाण्याहून अलिबागजवळ मामाकडे गेलो होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे त्या दिवसांत मामीची भिस्त बरणीवर. मे महिन्याच्या उन्हात वाळवलेली सोललेली कोळंबी, म्हणजे सोडे. ते कोमट पाण्यात पडले की ओटीपर्यंत वास येतो. मामीची सोड्याची खिचडी, वर ओलं खोबरं, तुपाची धार. मी दोनदा वाढून घेतली. खोटं कशाला बोलू, तिसऱ्यांदाही थोडी घेतली.

हात धुताना उजवा तळहात खाजायला लागला. मामा म्हणाला, "पैसे येणार गं!" मग डावाही खाजायला लागला. मग डोकं, मग कान गरम. आरशात बघते तर मानेवर गांधी उठलेल्या. मामीने एक नजर टाकली आणि निदान केलं, "पित्त उठलंय. सकाळी उपाशीपोटी चहा प्यायलीस ना?" आमसुलं भिजत पडली, चोळायला सुरुवात झाली. मला दोष द्यायचा नाहीये. लहानपणापासून अंगावर काही उठलं की आमच्याकडे ते पित्तच असतं आणि त्याला आमसूलच लावतात. पण त्या एका शब्दापायी आमची वीस मिनिटं गेली. पित्त म्हटलं की माणूस आमसूल शोधतो, गाडीची किल्ली शोधत नाही.

तसं बघितलं तर सूचना आधीच मिळाल्या होत्या. डिसेंबरात एका लग्नात कोळंबी खाऊन ओठ चुरचुरले होते, मी मसाल्याला नावं ठेवली. होळीला अंगावर चट्टे आले, सेट्रिझिन घेऊन झोपले. चव्वेचाळीस वर्षं जी कोळंबी पचवली ती आता कशी बाधेल, हा माझा हिशोब. पेशाने अकाउंटंट असून हिशोब साफ चुकला. कवचवाल्या माशांची ॲलर्जी बऱ्याच जणांना अशी मोठेपणीच सुरू होते, हे मला पुढे कळलं.

तर आमसूल चोळून चालू असताना पोटात जोराची कळ आली. मी "पाणी दे" म्हटलं आणि आवाज भलत्याच कुणाचा तरी आला, घोगरा, जाड. घशात लाडू अडकल्यासारखं. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. आपण आता मरणार, अशी मला खात्रीच पटली. घाबरून नव्हे हं. सिलिंडर संपत आलाय हे जसं ज्योतीवरून कळतं, तसं शांतपणे कळलं. नंतर डॉक्टर म्हणाल्या की ही भावना हेसुद्धा एक लक्षण आहे, पेशंट असं म्हणाला तर ऐकायचं असतं.

मामेभावाने गाडी काढली. पहिला दवाखाना रस्त्यावरच होता. तिथे दंडात एव्हिलचं इंजेक्शन मिळालं आणि "पित्तच आहे, घरी जाऊन पडा" असा सल्ला. मी बाकावरून उठले आणि सरळ खाली कोसळले. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. वायपरचा आवाज, नवऱ्याने गच्च धरलेलं मनगट, खड्डे.

सरकारी रुग्णालयात ड्यूटीवर एक मुलगी होती. डॉक्टर, पण माझ्या भाचीच्या वयाची, वेणी घातलेली. तिने दोनच प्रश्न विचारले. काय खाल्लं? किती वाजता? सिस्टरने प्रेशर घेतलं, वरचा आकडा ७०. "ॲड्रेनॅलिन, अर्धा एमएल, मांडीत." सलवार वर सरकवत बसायला वेळ नव्हता, सिस्टरने सरळ कात्री चालवली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई, पायांखाली दोन उशा, हाताला सलाईन. मी उठायला गेले तर त्या वेणीवालीने खांदा दाबला. "अजिबात उठायचं नाही. उठलात की प्रेशर परत पडेल."

पाच मिनिटांनी दुसरा डोस. मग छातीत असा ढोल वाजायला लागला की काय सांगू, हात थरथरताहेत, दात वाजताहेत. आणि घशातला लाडू विरघळत गेला. आवाज परत आल्यावर मी पहिलं वाक्य बोलले, "सलवार नवीन होती हो." सिस्टर हसली. नवरा रडला.

रात्री त्या डॉक्टरने खुर्ची ओढून नीट समजावलं. सेट्रिझिन, एव्हिल यांनी खाज आणि गांधी जातात, तेही सावकाश. सुजलेला घसा आणि पडलेलं प्रेशर त्यांच्या आवाक्यातलं नाही. तिथे ॲड्रेनॅलिनच लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. काही तासांनी सगळं पुन्हा उसळू शकतं, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. बाहेर बाकड्यावर मामी "माझ्या हातचं खाऊन झालं" म्हणत बसली होती. तिला समजावणं मला सलाईनपेक्षा जड गेलं.

महिनाभराने मुंबईत ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे हातावर टोचून तपासणी झाली. ओळीने थेंब, प्रत्येकावर बारीक टोचणी, पंधरा मिनिटं थांबायचं, खाजवायचं नाही. कोळंबीच्या जागी चांगला मोठा फुगवटा, आणि शेजारी घरातल्या धुळीच्या किड्याच्या जागीही! दोघांत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन जवळपास सारखं असतं म्हणे. माझ्या सकाळच्या शिंका आणि मामीची खिचडी यांचं नातं असं निघालं. हे प्रथिन शिजवून मरत नाही, वाळवून मरत नाही. म्हणजे सोडे, जवळा, चिंबोऱ्या, शेवंड, सगळ्यांना रामराम. कोळंबी तळलेल्या तेलातलं काहीही नको. पापलेट, सुरमई चालतात, त्यांचं प्रथिन वेगळं आणि माझी तपासणीही स्वच्छ आली. सुके बोंबील मात्र बाजारातून आणत नाही, कारण कोळणीच्या टोपलीत शेजारी जवळा असतो आणि दोन-चार काड्या इकडे तिकडे होतातच.

आता पर्समध्ये जुन्या चष्म्याच्या डबीत ॲड्रेनॅलिनच्या दोन ॲम्प्यूल, दोन सिरिंज. परदेशात याचं मांडीवर दाबलं की टोचणारं तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते केमिस्टकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी हे लिहून दिलं आणि शिकवलं. सिरिंजवर अर्ध्या एमएलच्या रेघेशी मी लाल नेलपॉलिश लावलंय. नवऱ्याने मोसंबीवर सराव केला. साध्या पाण्याने सहा मोसंबी टोचल्या, एक ॲम्प्यूल फोडताना बोट कापून घेतलं, आणि मग म्हणाला, "तुझ्या मांडीपेक्षा मोसंबी बरी, ओरडत तरी नाही."

परवा मामाकडून कुणीतरी ठाण्याला येणार होतं, त्याच्याबरोबर मामीचा डबा आला. पाठोपाठ फोन.

"अगं, खिचडी पाठवलीय. घाबरू नकोस, शिजल्यावर सगळे सोडे वेचून काढलेत मी. एक ठेवला नाही."

डबा नवऱ्याने खाल्ला. गॅलरीत बसून, माझ्यापासून लांब.