गृहभेट आणि अहवाल

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी आमच्याकडे येतात, तेव्हा "मला लहान मुले फार आवडतात" हे या क्षेत्राकडे वळण्याचे कारण म्हणून हमखास ऐकायला मिळते. मुले आवडणे चांगलेच आहे, परंतु जिल्हा बाल संरक्षण कक्षातील नोकरीचा मोठा भाग मोठ्या माणसांशी बोलण्यात आणि त्याहूनही अधिक लिहिण्यात जातो, हे त्यांना आधीच कोणी तरी सांगायला हवे.

बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. त्यानंतर आपण गृहभेट देऊन लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत सादर व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. बालकाने घरी परतावे, आत्याकडे राहावे की बालगृहात, याचा निर्णय समितीचा अध्यक्ष आणि चार सदस्य घेतात. मात्र त्यांनी ते घर पाहिलेले नसते, आपण पाहिलेले असते. म्हणून "वडील व्यसनी असून घरचे वातावरण अयोग्य आहे" या वाक्यावर मी नेहमी लाल रेघ मारते. वडील घरी होते का, कोणत्या वेळी भेट झाली, चूल पेटलेली होती का, बालक कोठे झोपते, शाळेच्या हजेरीपटावर काय दिसते आणि शेजारची बाई जे सांगते ते तिने स्वतः पाहिलेले आहे की ऐकलेले, हे लिहिले म्हणजे मग 'अयोग्य' हा शब्द लिहिण्याची गरजच उरत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांनी मुलीला आजीपाशी ठेवले, तर ते दुर्लक्ष की नाइलाजाने केलेली व्यवस्था, हा प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यात दर हंगामात समोर येतो, आणि त्याचे उत्तर अहवालातील तपशिलावर अवलंबून असते. आजी सक्षम असेल, तर मुलाला कुटुंबातच सांभाळण्यासाठी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेत ते प्रकरण बसते का हे तपासणे बालगृहाची शिफारस करण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

दुसरी गोष्ट शिकायला अधिक अवघड आहे. एखादी मुलगी "कोणाला सांगणार नाही ना?" असे विचारते, तेव्हा नवख्या कार्यकर्त्याच्या तोंडून "नाही सांगणार" निघून जाते. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीला ती पोलिसांना कळवावीच लागते, त्यामुळे ते वचन पाळता येण्यासारखे नसते. त्याऐवजी "तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन" एवढेच म्हणावे. त्यानंतर खोदून विचारू नये. जबाब नोंदवणे हे पोलिसांचे काम आहे, तो मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी आणि पोलीस गणवेशात नसताना घ्यायचा असतो. त्याआधी शिक्षिका, अंगणवाडीताई आणि आपण असे तिघांनी तिच्याकडून तेच वदवून घेतले, तर तिला त्रास होतोच, शिवाय पुढे न्यायालयात बचाव पक्षाला आयते मुद्दे मिळतात. (उत्सुकता आणि काळजी यांतला फरक मुलांना आपल्याआधी कळतो, असा माझा अनुभव आहे.)

शिक्षणाचे म्हणाल तर एम.एस.डब्ल्यू. ही सर्वसाधारण वाट. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. कायदा किंवा मानसशास्त्र शिकून येणाऱ्यांनाही विधी तथा परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशक या पदांवर जागा असते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखालील बहुतेक पदे मात्र कंत्राटी आहेत आणि दरवर्षी मुदतवाढीच्या कागदाची वाट पाहावी लागते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. नोकरी निवडताना मानधनाच्या आकड्याइतकीच आणखी दोन गोष्टींची चौकशी करावी: कठीण प्रकरणानंतर बोलायला कोणी वरिष्ठ आहे का, आणि गृहभेटीसाठी वाहन मिळते की एस.टी.ने जावे लागते. तालुक्याच्या टोकाच्या वस्तीवर शेवटची गाडी चुकली, की अहवालाची मुदत आणि आपली रात्र दोन्ही अडचणीत येतात.