वागळे इस्टेट ते रबाळे: आमची वाटचाल

आम्ही ब्रश होल्डर बनवतो. हे सांगितलं की निम्मे पाहुणे बाथरूममधल्या स्टँडकडे जातात, म्हणून आधी खुलासा. डीसी मोटरच्या फिरत्या भागाला टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्यूटेटर असतो. त्यावर कार्बनचा एक ठोकळा स्प्रिंगच्या दाबाने सतत घासत राहतो आणि त्याच्यातूनच वीज आत जाते. हा ठोकळा म्हणजे ब्रश, आणि तो ज्या पितळी खिडकीत बसतो तो होल्डर. मुंबईच्या लोकल ओढणाऱ्या मोटरी कित्येक दशकं याच जातीच्या होत्या. आमच्या घरची चूल त्यांच्यावर पेटली.

बाबा संगमेश्वर तालुक्यातले. आयटीआय करून टर्नर झाले आणि कळव्याच्या एका मोठ्या कंपनीत लागले. राहायला किसननगरात, चाळीतली एक खोली. तेव्हा ठाण्यात टर्नर-फिटरला काम शोधावं लागत नसे. पोखरण रोडला १९२५ सालची रेमंड, कळव्याला सीमेन्स आणि मुकंद, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची रांग. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई डबा बांधायला घ्यायची.

आमच्या ठाण्याचा एक अभिमान सगळ्यांना तोंडपाठ असतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, पुढे तीन इंजिनं, ३४ किलोमीटरचा रस्ता. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी जोर लावला होता. सगळं खरं. पण त्या गाडीमागोमाग ठाण्यात कारखाने आले, असं जे ऐकवलं जातं ते काही मला पटत नाही. १ मे १८५४ ला रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले, १८६० च्या दशकात बोरघाट आणि थळघाट चढून वर गेले, आणि ठाणे मधलं एक स्टेशन होऊन राहिलं. तलावांचं, कचेरीचं, तुरुंगाचं गाव. १८९३ मध्ये इथे मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, पण मोठी चिमणी दिसायला अजून बराच अवकाश होता. गाडी आली १८५३ ला, रेमंड १९२५ ला. मधल्या बहात्तर वर्षांत गाडीने ठाण्याच्या माणसांची मुंबईला ने-आण केली. कारखान्यांचा खरा लोंढा आला तो स्वातंत्र्यानंतर, मुंबईत जागा परवडेना तेव्हा. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि तिचा श्रीगणेशा झाला तो आमच्या वागळे इस्टेटमध्येच.

वागळेत पत्ता म्हणजे रोड नंबर. आमचा गाळा रोड नंबर २२ च्या आतल्या गल्लीत होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबांनी नोकरी सोडली, एक जुना लेथ (धातू गोल फिरवून कापायचं यंत्र) आणि एक शेपर (सपाट कापायचं यंत्र) घेतला आणि जॉबवर्क सुरू केलं. सुरुवातीला जे मिळेल ते: बुश, पिन, नट, गिरणीच्या मशीनचे सुटे भाग. ब्रश होल्डर आला तो मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून. त्याच्याकडे रेल्वेच्या मोटरींचं दुरुस्तीचं काम यायचं आणि होल्डर वेळेवर मिळत नसत.

दिसायला सोपी वस्तू. गनमेटलचं, म्हणजे पितळेसारख्याच तांब्याच्या मिश्रधातूचं, ओतीव कास्टिंग आणायचं, त्यात चौकोनी खिडकी कापायची, स्प्रिंगचा हात बसवायचा. खरी मेख खिडकीत. घट्ट झाली तर ब्रश अडकतो, कम्यूटेटरला टेकत नाही आणि ठिणग्या पडतात. सैल झाली तर ब्रश थडथडतो, पुन्हा ठिणग्या. आमचे जुने टर्नर, सगळे त्यांना मामा म्हणत, गेज लावून झाल्यावरही स्वतःची परीक्षा घ्यायचे. होल्डर उभा धरायचा, वरून नवा कार्बन ब्रश सोडायचा. ब्रश नुसत्या स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. न थांबता, न डुगडुगता. थांबला तर मामा बारीक कानस घेऊन खिडकीच्या कोपऱ्यात दोन हात मारत, फुंकर घालत, परत ब्रश सोडत. आज आमच्याकडे संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे, मोजमापाला डिजिटल उपकरणं आहेत, तरी पॅकिंगच्या टेबलावर एक कार्बन ब्रश पडलेला असतोच. नवीन पोरं आधी हसतात, मग तेच करतात.

रेल्वेशी धंदा करायचा म्हणजे कागद आले. लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेची, मान्यता, ड्रॉइंग, नमुने, तपासणी. लहान वर्कशॉपला हे झेपत नाही, म्हणून आम्ही बरीच वर्षं मान्यता असलेल्या मोठ्या पुरवठादारांना माल देत राहिलो. त्यातल्या एकाने आमची मोठी रक्कम दिवाळी ते दिवाळी लोंबकळत ठेवली होती. आई त्याचं नाव आजही घेऊ देत नाही.

गंमत अशी की रेल्वेचा माल बनवूनही आमचा माल मालगाडीने कधी गेला नाही. तो गेला लोकलच्या मालडब्यातून. गुलालवाडीहून पितळेचे रॉड, लोहार चाळीत तयार होल्डर, सगळं गोणीत भरून. बाबा मला शाळेच्या सुट्टीत सोबत न्यायचे. मासळीच्या पाट्या, डबेवाल्यांच्या लाकडी चौकटी, भाजीची बोचकी आणि आमची गोणी. एकदा एका कोळीण मावशीने गोणीवर बसकण मारली आणि विचारलं, 'काय रं भरलंय?' बाबा म्हणाले, 'मावशी, ह्याच्यावरच गाडी चालते.' तिने उठून गोणी आणखी आत सरकवली.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. लोकलच्या मोटरी डब्याच्या खाली, चाकांच्या जवळ असतात. रुळावर पाणी चढलं की गाडी थांबवावी लागते ती म्हणूनच. त्या दिवशी उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. पुढचे काही आठवडे आमच्या गाळ्यात जे काही आलं ते विसरता येणार नाही. गोण्याच्या गोण्या होल्डर, खिडकीत गाळ वाळून दगड झालेला, स्प्रिंगा गंजून लाल, आणि सगळ्याला एक आंबूस वास. धुऊन, वाळवून, एकेक तपासून जमेल तेवढे परत उभे केले, उरलेले भंगारात. शुक्रवारची सुट्टीही बंद होती. (वागळेत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, आमच्या घरातल्या लग्नांना नातेवाईक रविवारी का बोलावतात, यावर बाबांचं कायम भांडण.) धंद्याच्या हिशोबाने ते आमचं सगळ्यात भरभराटीचं वर्ष होतं. हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

आणि तेव्हाच पुढचं दिसायला लागलं होतं. मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळाला ते ठीक होतं. पण कमी व्होल्टेज म्हणजे जास्त करंट, जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन. गाड्या वाढवायच्या तर ते पुरेना. म्हणून २५ हजार व्होल्ट एसी. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. लोकांनी निरोपाचे फोटो काढले. आमच्यावर घाव मात्र तारेतल्या विजेने घातला नव्हता. २००७ नंतर ज्या नव्या गाड्या आल्या त्यांच्या मोटरी थ्री-फेज इंडक्शन जातीच्या. त्यात कम्यूटेटर नाही, ब्रश नाही, मग होल्डर कसला? जुन्या गाड्या जसजशा निघाल्या तसतशा ऑर्डरी आटल्या.

त्याच सुमाराला वागळेही बदलत होतं. शेजारचा फाउंड्रीवाला गेला, त्याच्या प्लॉटवर काचेची आयटी इमारत. रेमंडच्या जमिनीवर टॉवर. मालकाने आमच्या गाळ्याचं भाडं असं सांगितलं की जा म्हणायची वेगळी गरज राहिली नाही. भिवंडीकडे जागा स्वस्त होती. भाऊ तिकडेच चला म्हणत होता. मी अडून बसलो. आमचे बहुतेक लोक कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीचे. धीम्या गाडीने ठाण्याला उतरणारे. भिवंडीला त्यांनी जायचं कसं? मशीन ट्रकमध्ये टाकून कुठेही नेता येते, पंचवीस वर्षांचा हात असलेला टर्नर नेता येत नाही.

उत्तर होतं ट्रान्सहार्बर. ९ नोव्हेंबर २००४ ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि पूर्वी ठाणे-बेलापूर रोडवर बसला लोंबकळत जाण्याची जी शिक्षा होती ती संपली. आम्ही रबाळे एमआयडीसीत गाळा घेतला. ठाण्याला गाडी बदलायची, ऐरोलीनंतर रबाळे. एकही जुना माणूस सुटला नाही. मामा निवृत्त होईपर्यंत तिथेच आले. या मार्गाने नवी मुंबईला काय दिलं ते मोठे लोक सांगतील, आम्हाला त्याने आमचे कारागीर राखून दिले. जानेवारी २०२४ पासून दिघा गाव स्टेशनही सुरू झालं.

काम कसं टिकलं? थ्री-फेज गाडीतही एक ब्रश उरतोच. तारेतून आलेली वीज परत रुळाकडे जायला हवी, आणि ती चाकाच्या बेअरिंगमधून गेली तर बेअरिंग जळतं. म्हणून अ‍ॅक्सलच्या टोकाशी अर्थिंगचा ब्रश बसवून तिला वेगळी वाट करून देतात. त्याचे होल्डर आम्ही करतो. मोठ्या क्रेनला केबल गुंडाळायच्या रीळवर स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या भागाला वीज जोडणारी धातूची कडी, असते, तिथेही ब्रश लागतात. न्हावाशेवाच्या बाजूने ते काम येतं. पूर्वीइतकी संख्या नाही, पण नग महाग आहे आणि पैसे वेळेवर येतात.

यंदा खंडेनवमीला बाबा रबाळ्याला आले होते. सीएनसीला हार घातला, पण हळदकुंकू लावलं जुन्या लेथला. तो आम्ही विकलेला नाही, छोटे बुश अजून त्याच्यावरच होतात. दुसऱ्या पाळीला त्या लेथसाठी माणूस हवा आहे. आयटीआय टर्नर, हाताने कानस मारता येणारा, कळवा-दिघा-ऐरोली बाजूचा असेल तर उत्तम. शुक्रवार सोडून कधीही यावं.